चौथ्या नाटकाची कॅसेट

माझी बायको सुगंधा गेली हे मला रेल्वेच्या लोको शेडमधल्या फोनवर कळलं. १९९० सालचा डिसेंबर, मंगळवार, सकाळचे अकरा. फोन धुळ्याहून होता. पलीकडचा माणूस "आपणच भिरूड ना?" असं तीनदा विचारत होता. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येत होतं. नाटकाच्या तालमीत ती खुर्चीवर बसली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेली. बेचाळीस वर्षांची होती.

माझ्या हाताचं ग्रीस रिसीव्हरला लागलं होतं. साहेबाचा फोन म्हणून मी तो चिंधीने पुसून ठेवला. हे मला स्पष्ट आठवतं, आणि त्यानंतरचा तासभर काहीच आठवत नाही.

धुळ्याची नाटकवाली मंडळी तिला मॅटाडोरमधून घेऊन निघालीच होती, म्हणून मी भुसावळहून जळगावला जाऊन थांबलो. तिथे रुपचंदचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. तो लग्नांचं शूटिंगही करायचा. मॅटाडोर त्याने दुकानासमोर थांबवली. हार तयार होते. शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. "सुगंधाताई अमर रहे" सुरू झालं. मी गाडीत तिच्या पायाशी बसलो होतो. रुपचंद खांद्यावर कॅमेरा घेऊन आत चढला, मागून एकाने दुकानातून वायर ओढत लाईट आणला.

"नाना, चेहऱ्यावरचा कपडा जरा बाजूला घ्या ना. लाईट मिळत नाहीये."

मी घेतला. दुसऱ्या कुणी नाही, मीच घेतला.

तिच्या नाकपुड्यांत कापूस होता. रुपचंदने तो जवळून घेतला, मग हळूहळू कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी रडावं म्हणून तो थांबला होता. मला रडू आलं नाही तेव्हा त्याने कॅमेरा पुन्हा तिच्याकडे नेला.

आता ती टीव्हीत कशी गेली ते सांगतो. ती रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाटकात काम करायची. स्पर्धेत तिला दोन वेळा बक्षीस मिळालं. त्यातून कुणाच्या तरी नजरेत आली आणि मुंबईला बोलावणं आलं. माझ्या रेल्वेच्या पासवर जायची, दादरला मावसबहिणीकडे उतरायची, चार दिवसांनी परत. ८२ ते ८६ मध्ये तिने टीव्हीवर चार नाटकं केली. पहिल्या तिन्हींत ती मोलकरीण, विधवा वहिनी आणि दवाखान्यात रडणारी आई होती. तिन्हींत रडते. चौथ्या नाटकात ती आपल्याकडची, यावल-रावेरकडची शेतकरीण होती, आणि सगळं आपल्या बोलीत बोलली. तासाभराचं नाटक, त्यात ती जवळजवळ सगळा वेळ आहे.

आमच्या ॲन्टेनावर तेव्हा दिल्लीचं लागे, मुंबईचं मराठी लागत नसे. त्यामुळे ती ज्यांच्यासारखं बोलली त्यांतल्या कुणीच तिला पाहिलं नाही. कल्याणला तिचा मामेभाऊ लोटन राहायचा. त्याने शेजाऱ्याच्या व्हीसीआरवर ते नाटक भरून घेतलं आणि कॅसेट पाठवून दिली. तेवढी एकच प्रत. मुंबईत आणखी कुणाकडे असेल तर मला ठाऊक नाही.

ती कॅसेट मी पाहिली नाही.

याचं कारण लपवण्यात अर्थ नाही. नाटकात तिला नवरा होता. शेडमध्ये धनसिंग म्हणून फिटर होता, त्याने कुठून तरी ऐकलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय भिरूडभाऊ, वहिनीने टीव्हीत दुसरा दादला केला म्हणे! तुम्ही बसा इकडं ग्रीस लावत." सगळे हसले. मीही हसलो. पण ते माझ्या पोटात राहिलं.

पुढे ८७ च्या उन्हाळ्यात शेजारच्या सुंदरबाईच्या मुलीचा साखरपुडा होता. त्यांनी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला. दुसऱ्या दिवशी परत द्यायच्या आधी, दुपारी, कॉलनीतल्या बायकांनी सुगंधाची कॅसेट लावली. ती मला बोलवायला आली. मी रात्रपाळी करून आडवा झालो होतो.

"तुम्ही येता का? एक तासाचं आहे."

"पाहू कधीतरी."

आमच्या आणि सुंदरबाईच्या क्वार्टरची भिंत एकच. भिंतीतून तिचा आवाज येत होता. माझ्याच घरातला आवाज, आणि तो एका परक्या माणसाशी बोलतोय. मी उठून भिंतीवर मूठ आपटली आणि ओरडलो, "आवाज कमी करा!"

आवाज कमी झाला. संध्याकाळी तिने कॅसेट जुन्या इरकलीत गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवली. चहा देताना म्हणाली, "झोप झाली का?" नाटकाबद्दल काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. मला वाटलं, पाहू. व्हीसीआर काय, कधीही भाड्याने मिळतो.

ती गेल्यावर तेराव्याला सुंदरबाईने विचारलं, "भाऊ, ते नाटक तुमी पाह्यलंच नही? अरे देवा! त्याच्यात तं ती आपल्यावानीच बोलते. तिकडून नवरा येतो नं, तं त्याले म्हनते, 'आले का? हातपाय धुवा पह्यले, मंग बोला.' आमी किती हासलो! म्हटलं, ही तं घरीच हाये!"

हे वाक्य सुगंधा मला रोज म्हणायची. वीस वर्षं, पाळी कुठलीही असो. ते तिने त्या नाटकात घातलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. मी बघीन तेव्हा कळेल, असं तिला वाटलं असणार. त्या दिवसापासून मला ते नाटक पाहायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

आणि तरी मी ते लगेच पाहिलं नाही. एकट्याने व्हीसीआर भाड्याने आणायचा, लावायचा आणि समोर बसायचं, हे मला जमेना. भीती होती, असं म्हणा.

तेवढ्यात मंडळ निघालं. सुगंधा भिरूड रसिक मंडळ, जळगाव-धुळे. अध्यक्ष रावेरचे अभिमनशेठ, केळीचे मोठे व्यापारी. सचिव रुपचंद. तिच्या टीव्हीवरच्या दुर्मिळ कामांचं जतन करायचं, असं पत्रिकेवर छापलं होतं. पहिल्या तीन नाटकांच्या कॅसेटी रुपचंदने याच्या-त्याच्याकडून मिळवल्या. चौथी माझ्याकडे आहे हे त्याला माहीत होतं. दर पंधरा दिवसांनी यायचा.

"नाना, ही तुमची एकट्याची राहिली नाही. ताई आता सगळ्यांच्या आहेत."

मी त्याला चहा द्यायचो आणि कॅसेट द्यायचो नाही.

जुलैमध्ये त्यांनी जळगावात कार्यक्रम ठेवला. मला पहिल्या रांगेत बसवलं. रुपचंदने तिन्ही नाटकांतलं फक्त तिचं रडणं कापून एकाला एक जोडलं होतं. चाळीस मिनिटं. खाली सनई भरली होती. एक रडणं संपलं की लगेच दुसरं, दुसऱ्या साडीत. लोक "रिवाईंड! रिवाईंड!" ओरडत होते. मागचे दोघे-तिघे तिच्याबरोबर संवाद म्हणत होते, आणि ती "माझ्या बाळाला" म्हणायची तेव्हा अख्खा हॉल म्हणायचा. माझ्या शेजारचा माणूस रडत होता आणि चिवडा खात होता. दोन्ही थांबत नव्हतं. त्याच्या गालावर पाणी आणि ओठाला शेव.

एका ठिकाणी रुपचंदने चित्र थांबवलं. तिचं तोंड उघडं, चेहरा वाकडा, त्यावरून पांढऱ्या रेघा थरथरतायत. तो काठी घेऊन पडद्याजवळ गेला.

"हा हुंदका पाहा! हा अभिनय नाही, मंडळी. हे आतून आलेलं आहे."

टाळ्या पडल्या.

ती उचकी होती. तिने मला घरी सांगितलं होतं. सकाळपासून उपाशी, त्यात घाईघाईने वडापाव खाल्ला, आणि नेमकी रडताना उचकी लागली. दिग्दर्शकाला आवडली म्हणून त्याने ठेवली. हे सांगताना ती इतकी हसली होती की तिला पुन्हा उचकी लागली. मी उभा राहून हे सांगायला हवं होतं. मी बसून राहिलो. मग त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि मी तो घालून घेतला.

बाहेर पडताना धुळ्याचा झुलाल भेटला. शिंपी, नाटकांचे कपडे शिवायचा. चौथं नाटक ज्या दिवशी लागलं त्या दिवशी तो ठाण्याला बहिणीकडे होता, म्हणून त्याने ते पाहिलं होतं. मंडळात तो एकटाच असा होता.

"नाना, ह्या बाकीन्या कॅसेटी ठेवा नहीतर फेका," तो हळूच म्हणाला. "तुमनी एकच शे, जिमा ताई हासस. तुमनी बोली येगळी, मन्ही येगळी, पन टीव्हीवर आपलाकडनं कोन बोलनं? कोनीच नही. तिनी कॉपी करी ल्या. कॅसेटले बुरशी लागस."

ताई हसते अशी एकच कॅसेट, ती माझ्याकडची, हे त्याचं खरंच होतं, आणि बुरशीचंही मला पटलं. भुसावळचा पावसाळा आणि कपाटाला ओल. मी रुपचंदला कळवलं की वर्षश्राद्धाच्या दिवशी कॅसेट घेऊन येतो. दोन अटी. आधी मी पाहणार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये थांबवायचं नाही. मग कॉपी. त्याने दोन्ही मान्य केल्या. एकट्याने पाहायची माझी हिंमत नव्हती, आणि शंभर लोकांत बसून पाहिलं तर निभेल असं मला वाटलं. हा माझा हिशेब.

डिसेंबर ९१. सकाळी घरी श्राद्ध उरकलं, इरकल तशीच ठेवून कॅसेट पिशवीत घातली आणि दुपारी जळगावला गेलो. तोच हॉल. स्टेजवर टीव्ही, व्हीसीआर, आणि पुढे चौरंग. चौरंगावर तिचा फोटो. मागे आचाऱ्याने वरण-बट्टी लावली होती, वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

अभिमनशेठ म्हणाले, "नाना, आपल्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय सुरू करत नाहीत. मी ट्रक घेतला तरी आधी कुंकू, फ्रीज घेतला तरी आधी कुंकू. ही तर ताईंची वस्तू आहे. हळद-कुंकू तुमच्या हातानं होऊ द्या."

मला यात काही खटकलं नाही. आमच्या शेडमध्येही दसऱ्याला मशीनची पूजा होते. तिथे एक पद्धत आहे. कुंकू पत्र्याच्या झाकणाला लावत नाहीत. झाकण उघडून आत, जो भाग फिरतो त्या शाफ्टला लावतात. काम तो करतो, मान त्याचा. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे केरोसीनने सगळं पुसून काढायचं. कुंकू म्हणजे शेवटी भुकटी. बेअरिंगमध्ये गेली तर बेअरिंग खाते. हे मी तेवीस वर्षं नव्या पोरांना सांगत आलो.

मी तबक हातात घेतलं. कॅसेट चौरंगावर होती. काळा प्लास्टिकचा डबा, त्यावर तिच्या अक्षरात नाव आणि तारीख. मला त्या डब्याला कुंकू लावावंसं वाटेना. ती डब्यात कुठे आहे? ती आतल्या फितीत आहे. कडेला एक बारीक खटका असतो. फिटरच्या बोटाला असले खटके शोधावे लागत नाहीत. मी तो दाबला, पुढची पट्टी वर केली, आणि आतली काळी चकचकीत फीत दिसली. तिच्यावर मी अनामिकेने हळद लावली. मग कुंकू. मग अक्षता वाहिल्या. त्यातल्या दोन-तीन आत पडल्या. फितीला माझं बोट लागलं तेव्हा मला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

अभिमनशेठनी नारळ चौरंगाच्या कोपऱ्यावरच फोडला. पाणी उडालं. टाळ्या.

रुपचंदला हे सगळं माहीत असायला हवं होतं. त्याचा धंदाच तो. पण तो पूजेचं शूटिंग करत होता. भिंगातून बघत होता, आणि भिंगात त्याला माझा चेहरा हवा होता. यावेळी मी रडत होतो, त्यामुळे तो माझ्या चेहऱ्यावरून फारसा हलला नाही. झुलाल मागच्या रांगेत होता. तो उठून काहीतरी ओरडला. लोकांना वाटलं घोषणा देतोय. त्यांनी पुढचं "अमर रहे" म्हटलं.

रुपचंदने कॅसेट उचलली आणि मशीनमध्ये सरकवली.

आधी पडद्यावर मुंग्या आल्या. मग अंगण दिसलं, शेणाने सारवलेलं, खोटं पण नीट केलेलं. ती दारातून बाहेर आली. डोक्यावर पदर, हाताला पीठ. कुणीतरी बाहेरून येत होतं, त्याची फक्त पाठ दिसत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आले का? हातपाय धु—"

मशीन करकरलं. चित्र फाटलं, आवाज खोल जाऊन रेड्यासारखा झाला, आणि पडदा निळा झाला. आत कचकच सुरूच होती. रुपचंद कॅमेरा टाकून धावला. बटणं दाबली. कॅसेट अर्धी बाहेर आली, मागून फितीची गुंडाळी, चिकट, लाल. सगळी आत अडकलेली.

"नाना, हेड जाईल. मशीन नवं आहे," रुपचंद म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याने खिशातून ब्लेड काढलं आणि फीत कापली. दोन ठिकाणी. मशीनमधला तुकडा बोटांनी ओढून काढला, चेंडूसारखा चुरगळला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या बोटांना कुंकू लागलं होतं. ते त्याने पॅन्टला पुसलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "दुसरी लावा! ती दवाखान्याची लावा!"

आणि त्यांनी लावली. खरंच लावली. मशीनचं हेड पुसलं आणि दवाखान्याची लावली. उचकी आली तेव्हा सगळा हॉल तिच्याबरोबर हुंदका देत होता. मग पंगती बसल्या. अभिमनशेठनी मला हाताला धरून बसवलं. बट्टी कुस्करताना लोक तिच्याबद्दल बोलत होते. तिचे डोळे, तिचं रडणं, असं रडणं पुन्हा होणे नाही. तुपाने त्यांच्या हनुवट्या चमकत होत्या. माझ्या डाव्या मुठीत तो चेंडू होता. उजव्या हाताने मी जेवलो. दोन बट्ट्या खाल्ल्या. वाढणाऱ्याने तिसरी आणली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला, पण उठलो नाही. मला त्या लोकांचा जेवढा राग येतो त्याहून जास्त किळस या दोन बट्ट्यांची येते.

महिन्याभराने रुपचंदने एक नवी कॅसेट पाठवली. वर छापील लेबल होतं, "दुर्मिळ कॅसेटचे पूजन". मंडळ ती आता तालुक्या-तालुक्यांत दाखवतं. आधी अंत्ययात्रा, मग रडणं, मग पूजन. जतन चालू आहे.

ती पाहायला मी व्हीसीआर विकत आणला. सुगंधासाठी कधी आणला नव्हता. चित्र फार स्वच्छ आहे. रुपचंदला काम येतं. तबकाकडे मी बघतो तेव्हा त्याने एकदाच भिंग खाली नेलंय, एवढुसं. त्यात माझा हात दिसतो, खटका दाबणारा अंगठा दिसतो, आणि लाल बोट फितीवर टेकतं ते दिसतं. मग लगेच माझा रडका चेहरा, मोठा. मला आता स्वतःचाही हुंदका रिवाईंड करून बघता येतो. मी बघितला आहे. तो उचकीपेक्षा खोटा दिसतो.

झुलाल मात्र पत्रं टाकत राहिला. कार्डावर मोठ्या अक्षरात. तो लिहितो की सगळी फीत गेलेली नाही. जी आत गुंडाळलेली आहे तिला काही झालेलं नसणार, फक्त सुरुवातीची खराब आहे. स्पिरिट आणि कापूस घेऊन ती बोटाबोटाने पुसायची, कापलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची, आणि नव्या डब्यात भरायची. धुळ्याला कॅसेट घेऊन या, आपण दोघं बसू. नाहीतर तुम्ही फिटर आहात, घरीच करा. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं जातील, नाना, पण पुढचं सगळं आहे.

सुरुवातीची दोन-तीन मिनिटं. त्यातच ते वाक्य होतं.

मी नवा डबा आणला. स्पिरिटची बाटली आणली. कापूस आणला. शेडमधून बारीक पेचकस आणला. सगळं कपाटात वरच्या खणात, इरकलीत परत गुंडाळलेल्या कॅसेटशेजारी ठेवलं आहे. तो चुरगळलेला चेंडूही तिथेच एका वाटीत आहे. त्यावरचं कुंकू आता काळं पडलं आहे. सुंदरबाई येता-जाता विचारते, "भाऊ, झालं का वो?" मी म्हणतो, रविवारी बसतो.

कॅसेटला खालून पाच स्क्रू असतात. ते काढायचे राहिले आहेत.